पक्षी-शिकारीतील छर्ऱ्यांचे काडतूस

छर्ऱ्यांचे काडतूस म्हणजे गुळगुळीत नळीच्या बंदुकीतून एकाच बारात अनेक बारीक गोळ्या सोडणारे काडतूस होय. माळरान, झुडपी जंगल आणि कापणी झालेली शेते अशा कोरड्या जमिनीवर राहणाऱ्या तितर, लावा, पखुर्डी, कोकत्री यांसारख्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी अशी काडतुसे वापरली जात. अनेक देशांत ती आजही वापरली जातात. भारतात ही शिकार बेकायदेशीर असल्यामुळे काडतुसाच्या निवडीचा विषय येथे इतिहास, नेमबाजीचा खेळ आणि वन्यजीव गुन्ह्यांचा तपास यांपुरता उरला आहे. ‘काडतूस’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजमधून आला.

रचना

काडतुसाच्या धातूच्या बुडात मधोमध टोपी बसवलेली असते. तिच्यावर आघात होताच ठिणगी उडून धूरविरहित दारू पेटते व वायूच्या दाबाने छर्रे नळीबाहेर फेकले जातात. दारू आणि छर्रे यांच्यामध्ये एक जाड चकती असते. वायू छर्ऱ्यांत शिरून त्यांना विस्कटू नये, हे तिचे काम.

नळीचे माप ‘बोअर’मध्ये सांगतात. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर असतो. याच हिशेबाने वीस बोअरची नळी अधिक अरुंद ठरते. आकडा वाढला की माप घटते, ही गोष्ट नवशिक्याला हटकून गोंधळात टाकते. छर्ऱ्यांच्या क्रमांकांतही हाच उलटा न्याय आहे.

छर्ऱ्यांची निवड

भारतात प्रचलित असलेल्या ब्रिटिश मापांनुसार ५ क्रमांकाचा छर्रा सुमारे २.८ मिलिमीटर, ६ क्रमांकाचा २.६, ७ क्रमांकाचा २.४ आणि ८ क्रमांकाचा २.२ मिलिमीटर व्यासाचा असतो. हे फरक डोळ्यांना किरकोळ वाटतात. परंतु वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने ५ क्रमांकाचा एक छर्रा ८ क्रमांकाच्या दोन छर्ऱ्यांहून किंचित जडच भरतो. एका औंसात, म्हणजे २८.३५ ग्रॅममध्ये, ५ क्रमांकाचे सुमारे २२० आणि ८ क्रमांकाचे सुमारे ४५० छर्रे मावतात.

निवडीचा सारा पेच या दोन गोष्टींत आहे. मोठा छर्रा वेग टिकवून धरतो आणि खोल शिरतो, पण संख्येने थोडा असतो. लहान छर्रे दाट पडतात, पण हवेच्या विरोधाने त्यांचा वेग लवकर मंदावतो. मोठा छर्रा म्हणजे खात्रीची शिकार, असा समज सर्वत्र आढळतो. लहान पक्ष्याच्या बाबतीत गणित मात्र त्याच्या विरुद्ध जाते. नळीचे तोंड किंचित आवळून छर्ऱ्यांचा फैलाव कमी करतात. या आवळण्याला ‘चोक’ म्हणतात. अर्ध्या चोकच्या नळीतून ३६ मीटरवर सुमारे ६० टक्के छर्रे ७६ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात पडतात. ३० ग्रॅमच्या काडतुसात ५ क्रमांकाचे छर्रे असतील, तर या वर्तुळात सुमारे १४० छर्रे येतील, म्हणजे दर ३२ चौरस सेंटिमीटरला एक. ८ क्रमांकाचे असतील तर सुमारे २८५, म्हणजे दर १६ चौरस सेंटिमीटरला एक. लावा पक्षी मुठीएवढा. पहिल्या काडतुसाच्या जाळीतून तो एखादाच छर्रा अंगावर घेऊन निसटण्याचा संभव मोठा. असा पक्षी तत्काळ मरत नाही. झुडपात शिरून उपासमारीने किंवा जखम चिघळून मरतो. शिकारीच्या परंपरेत ‘योग्य काडतूस’ या कल्पनेला नैतिक वजन होते, ते यामुळेच.

म्हणून लाव्यासाठी ८, तितरासाठी ६ किंवा ७, आणि रानकोंबड्यासारख्या जड पक्ष्यासाठी ५ किंवा ६ क्रमांक योग्य मानले जात. लावा अगदी पायाजवळून भुर्रकन उठतो. तितर शक्यतो पळते आणि नाइलाज झाला तरच उडते. दोन्ही प्रसंगी अंतर बहुधा ३० मीटरच्या आतच असते. इतक्या जवळून घट्ट चोक वापरल्यास बार चुकतो, किंवा पक्ष्याच्या चिंधड्या होतात.

चुकीच्या काडतुसाचा धोका बंदूक चालवणाऱ्यालाही असतो. ६५ मिलिमीटरच्या जुन्या बंदुकीत ७० मिलिमीटरचे काडतूस घातल्यास त्याचे तोंड पूर्ण उघडत नाही आणि दाब वाढतो. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकते. मागून बारा बोअरचे भरून बार काढला तर नळी फुटते. वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा संकेत याच कारणाने पडला.

भंडारा परिसर

भंडारा शहरासमोर वैनगंगेच्या पलीकडे असलेल्या कारधा गावाच्या आसपास वर वर्णन केलेला भूभाग पाहावयास मिळतो. धानाची कापणी झाली की बांधीत लाखोळी उभी राहते; धुऱ्यांवरचे गवत आणि लगतचे झुडपी जंगल हे तितर-लाव्यांचे घर. बोड्या आणि मामा तलाव यांवरील बदकांची शिकार हा याहून निराळा प्रकार होता; तेथे अंतर अधिक आणि पिसे दाट असल्यामुळे मोठे छर्रे लागत.

ब्रिटिश अमदानीत परवान्याची काडतुसी बंदूक मुख्यतः अधिकारी, मालगुजार आणि सधन मंडळी यांच्याकडे असे. फासेपारधी तितरे धरत ती फाशांनी. शेतकऱ्याच्या वाट्याला आली ती ठासणीची बंदूक, जिच्यात दारू, चिंधी आणि छर्रे तोंडातून ठासून भरतात. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्येही पीकसंरक्षणासाठी प्रथम ठासणीच्या बंदुकीचाच विचार केलेला आहे. ती अपुरी आहे अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते.

शिसे

पक्षी अन्न दळण्यासाठी खडे गिळतात आणि त्यांबरोबर जमिनीवर पडलेले छर्रेही गिळतात. पेषणीत झिजलेले शिसे रक्तात मिसळून विषबाधा होते. जखमी पक्षी खाणाऱ्या शिकारी पक्ष्यांनाही ती होते. अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद केले. युरोपीय संघात पाणथळ जागी फेब्रुवारी २०२३ पासून बंदी आहे. पर्यायी पोलादी छर्रे शिशाहून हलके असल्याने साधारण दोन क्रमांक मोठे घ्यावे लागतात.

कायदा आणि तपास

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये आरंभी परवाना घेऊन शिकार करण्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती रद्द झाली. गुन्ह्यात वापरलेली व जप्त झालेली बंदूक शासनाची मालमत्ता ठरते. भंडारा जिल्ह्यातील कोका हे २०१३ मध्ये अभयारण्य झाले; अशा अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकाने वनखात्याकडे नोंदणी करणे कलम ३४ प्रमाणे आवश्यक आहे.

छर्ऱ्यांचा कायदेशीर उपयोग आता प्रामुख्याने ट्रॅप व स्कीट या खेळांत होतो. तेथे उडत्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरतात; काडतुसात २४ ग्रॅमच्या आसपास छर्रे असतात आणि त्यांचा व्यास २.६ मिलिमीटरहून अधिक चालत नाही. राज्यवर्धन राठोड यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले, ते याच कुळातील डबल ट्रॅपमध्ये.

गुळगुळीत नळी छर्ऱ्यावर स्वतःची खूण सोडत नाही; त्यामुळे मृत पक्ष्यातील छर्ऱ्यावरून बंदूक ओळखता येत नाही. त्याचे वजन व व्यास यांवरून काडतुसाचा क्रमांक मात्र कळतो. घटनास्थळी रिकामे काडतूस सापडल्यास टोपीवरील आघाताची खूण संशयित बंदुकीशी जुळवून पाहतात. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील काडतुसांच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरे असतात, आणि न्यायालयीन निकालपत्रांतून ती वारंवार भेटतात.