सायकलचे दोन किलो

डोंगरातल्या कच्च्या वाटांवर चालवायची जाड टायरांची सायकल तुम्ही पाहिली असेल. तिच्या एका प्रकारात पुढच्या चिमट्यात धक्के शोषणारी योजना असते, पण मागचे चाक सांगाड्याला ताठ जोडलेले असते. म्हणून तिला 'हार्डटेल', म्हणजे ताठ शेपटीची, म्हणतात. डोंगरी सायकलीची ही जात कॅलिफोर्नियात वाढली. १९७६ साली फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरउतारावर काही तरुण जुन्या, बोजड सायकलींच्या शर्यती लावू लागले. उतरताना मागच्या चाकाच्या तुंब्यातला ब्रेक इतका तापे, की त्यातले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून त्या वाटेचे नावच 'रीपॅक' पडले. पुढे १९७७ साली जो ब्रीझ यांनी अशा वाटांसाठी मुद्दाम नवा सांगाडा बनवला. तेव्हापासून या सायकलीचे वजन कमी करण्याचा खटाटोप चालूच आहे.

ब्रिटनसारख्या देशात हिवाळा म्हणजे पाऊस आणि चिखल. चिखलातली बारीक रेती स्प्रिंगच्या चिमट्यात शिरते आणि सरकणारे भाग झिजवते. म्हणून तिथले काही सायकलस्वार हिवाळ्यापुरता साधा चिमटा बसवतात. स्प्रिंगचा चिमटा सुमारे अडीच किलोचा असला, तर साधा सुमारे एक किलोचा मिळतो. (त्याची लांबी मात्र जुन्याइतकीच हवी, नाही तर सायकलचे तोंड खाली जाते आणि हँडल बिचकू लागते.) पायडलजवळच्या तीन दातेरी चकत्यांपैकी दोन काढल्या, त्यांच्यावर चेन सरकवणारी यंत्रणा काढली, की आणखी जवळजवळ अर्धा किलो जातो. असे दोन किलो कमी झाले. आता हिशेब करू.

समजा, तुमचे वजन ५० किलो आणि सायकलचे १४ किलो आहे. १०० मीटर उंचीची टेकडी चढायची, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ६४ × ९.८ × १००, म्हणजे ६२,७२० ज्यूल कार्य करावे लागेल. तुमचे पाय १०० वॅट शक्ती देत असतील, तर याला ६२७ सेकंद लागतील. दोन किलो कमी केल्यावर वाचतात १,९६० ज्यूल, म्हणजे जेमतेम २० सेकंद! साडेदहा मिनिटांच्या चढणीत २० सेकंद. शर्यतीत ते मोलाचे. एरवी तेवढ्यासाठी किती पैसे घालायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दुकानात तुम्हाला असेही सांगतील, की चाकाच्या कडेचे वजन दुप्पट मोजावे. हे खरे, पण अर्धेच. रिम आणि टायर यांचे वस्तुमान सायकलबरोबर पुढेही जाते आणि फिरतेही. पुढे जाण्याची गतिज ऊर्जा ½mv² आणि फिरण्याची जवळजवळ तेवढीच, बेरीज mv². म्हणून वेग वाढवताना कडेचे एक किलो दोन किलोंसारखे वागते. पण एकसारख्या वेगाने चढण चढताना चाकाची गतिज ऊर्जा बदलतच नाही, आणि तिथे एक किलो म्हणजे एकच किलो! शिवाय ४०० ग्रॅम हलके टायर घेतले, तरी सेकंदाला ५ मीटर वेग गाठताना वाचतात फक्त १० ज्यूल. एकूण ऊर्जा ८०० ज्यूलच्या वर असते.

याहून मोठा लाभ टायरच्या घर्षणात दडलेला आहे. मऊ वाटेवर लोटणी-घर्षणाचा गुणांक ०.०३ धरा. सपाटीवर एक किलोमीटर जाण्यास सुमारे १८,८०० ज्यूल लागतात. दोन किलो कमी करून यातले जेमतेम ५९० वाचतात. पण योग्य टायर निवडून घर्षण एक-दशांशाने कमी झाले, तर १,८८० वाचतात.

आता सांगाडा. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश आहे, पण त्याचा ताठपणाही एक-तृतीयांशच. मग फायदा कसा? नळीचा वाकण्यास होणारा विरोध तिच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, आणि वजन मात्र व्यासाच्याच प्रमाणात (पत्र्याची जाडी तीच ठेवून). व्यास दीडपट केला, तर विरोध १.५ × १.५ × १.५, म्हणजे ३.४ पट होतो. त्याला तीनाने भागा: पोलादी नळीपेक्षा किंचित जास्तच! वजन मात्र निम्मे. ॲल्युमिनियमच्या सायकलींच्या नळ्या इतक्या जाड का, ते आता कळले ना?

पण इथे एक धोका आहे. वारंवार ताण पडला की धातूला थकवा येतो. ताण ठरावीक मर्यादेखाली असेल, तर पोलाद असे अगणित धक्के सोसू शकते. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. लहान धक्क्यांनीही, कितीतरी लक्ष धक्क्यांनंतर का होईना, त्याला चीर पडतेच. हँडलला भोके पाडून वजन कमी करणारे महाभाग असतात. भोकाच्या कडेला ताण काही पटींनी वाढतो आणि चीर तिथूनच सुरू होते. उतारावर हँडल तुटले, तर वाचलेले पन्नास ग्रॅम काय कामाचे? ब्रेक आणि दिवा यांनाही हात लावू नका. हिवाळ्यात तिथे दुपारी चारलाच अंधारू लागते.

एवढे करून वाटेवर निघालात, की चिखल आहेच. एक लिटर ओला चिखल दीड किलोहून अधिक भरतो. टायर आणि चिमटा यांच्यात फट कमी असेल, तर काढलेले वजन तासाभरात परत चिकटते आणि चाकही अडते. म्हणून हिवाळ्यात टायर थोडे अरुंद घ्यावे.

आणि हवा बाहेर भरावी. घरात २० अंश सेल्सियसला टायरचा दाब ३० पौंड दाखवत असेल, तर वातावरणाचे १४.७ मिळवून खरा दाब ४४.७. बाहेर शून्य अंशाला तो ४४.७ × २७३ ÷ २९३, म्हणजे ४१.७ होतो, मापक २७ दाखवतो. सायकल अर्धा तास अंगणात उभी करा, मग मापक लावा.