सहा महिन्यांनंतर काय?

९ जुलै २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा शासन निर्णय काढला. बारावी पास तरुणाला महिना ६,००० रुपये विद्यावेतन, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. वय १८ ते ३५, मुदत सहा महिने, पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात. लाडकी बहीण नुकतीच जाहीर झाली होती, त्यामुळे हिला ‘लाडका भाऊ’ हे नाव चिकटायला वेळ लागला नाही.

महिन्याचे २६ कामाचे दिवस धरले, तर बारावीवाल्याच्या हाती दिवसाला सुमारे २३१ रुपये पडतात. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर २९७ रुपये होता. हमीच्या कामावर माती उपसणाऱ्याला २९७ मिळावेत यात गैर काहीच नाही. त्यातही घर चालत नाही. पण बारावी झालेल्या मुलाच्या दिवसाची किंमत सरकारनेच त्याहून कमी ठरवली, हे मला फार लागतं. विद्यावेतन म्हटलं की किमान वेतनाचा हिशेबच करावा लागत नाही.

आणि हे त्या राज्यात, जिथे कामाचा हक्क देशात सर्वांत आधी कायद्यात लिहिला गेला. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गावंच्या गावं उतरली होती. वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्या वर्षांत राज्यभर पोचली. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. काम मागा, पंधरा दिवसांत मिळेल. न मिळाल्यास बेरोजगार भत्ता. पुढे १९९०च्या सुमारास फळबाग लागवड हमीला जोडली गेली आणि हजेरीपटावरची मजुरी कोकणात आंबा-काजूच्या, माणदेशात डाळिंबाच्या बागांत उतरली. मजुरी संपल्यावरही झाडं राहिली. एकेका तालुक्याचं शेतीचं गणित त्यांनी बदललं.

प्रशिक्षणार्थींच्या हाती काय राहिलं? ग्रामपंचायतीत घरपट्टीच्या नोंदी संगणकावर चढवायच्या, दाखले छापायचे, शाळेत शिक्षक कमी असतील तिथे वर्ग सांभाळायचा. काम खरंच होतं, अनेक ठिकाणी त्यांच्यावाचून अडत होतं. सहा महिने संपले. २०२५मध्ये मुदत ११ महिन्यांपर्यंत वाढवली, तीही संपली. ‘आम्हाला कायम करा’ म्हणत मुलं मोर्चे काढू लागली, तेव्हा हे प्रशिक्षण आहे, नोकरी नव्हे, असं सांगितलं गेलं. नियमाने ते बरोबर आहे. पण खुर्ची, टेबल, हजेरी आणि साहेब असं सगळं असलेल्या जागी रोज जाणाऱ्या मुलाने दुसरं काय समजायचं?

बाहेरची स्थिती त्याला ठाऊक असते. २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. खुल्या गटाला परीक्षा शुल्क १,००० रुपये होतं. पदवीधराच्या एका महिन्याच्या विद्यावेतनाचा दहावा हिस्सा एका फॉर्ममध्ये जावा, इतकं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४च्या भारतविषयक अहवालात २०२२ची आकडेवारी आहे: लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेरोजगारी ३.४ टक्के, पदवीधर तरुणांत २९.१ टक्के. पागेंच्या डोळ्यांसमोर जमीन करपलेला शेतमजूर होता. आज रांगेत उभा आहे तो त्याचा शिकलेला नातू, आणि त्याच्यासाठी कायदा नाही, शासन निर्णय आहे. एक शासन निर्णय दुसऱ्याने बदलतो.

लाडक्या बहिणीच्या १,५०० रुपयांविरुद्ध मी नाही. बाईच्या स्वतःच्या खात्यात पैसे येणं ही मोठी गोष्ट आहे. पण पहिल्या वर्षी त्या योजनेचा वार्षिक खर्च ४६,००० कोटी रुपये धरला गेला. एवढी रक्कम उभी करू शकणारं राज्य शिकलेल्या मुलांसाठी कामाची हमी लिहू शकत नाही, हे मला पटत नाही. भूजलाची मोजणी, जुन्या दप्तरांचं संगणकीकरण, आरोग्य उपकेंद्रं, वाचनालयं: तालुक्यात कामं भरपूर पडली आहेत. ती मागण्याचा हक्क हवा, किमान वेतन हवं आणि हजेरीपट सर्वांना पाहता यायला हवा.

पैसा कुठून आणायचा, याचं उत्तर हमीच्या वेळी आधी शोधलं गेलं होतं. नोकरदारांच्या पगारातून आजही महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, तो व्यवसाय कर हमीसाठीच बसवला होता, आणि त्यात राज्य आपला तेवढाच वाटा घालत असे. कर १९७५ साली आला, कायदा १९७७ साली. याही वेळी तो क्रम ठेवता येईल.