रेघ संगणकाची, जबाबदारी माणसाची

१० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईहून सोलापूर आणि शिर्डी या दोन दिशांना 'वंदे भारत' गाड्या सुरू झाल्या. वाचकहो, आपणांपैकी कित्येकांनी त्यांतून प्रवास केला असेल. बोरघाटातील ३७ फुटांस १ फूट अशी चढण, मागून ढकलणाऱ्या 'बँकर' इंजिनावाचून ही गाडी चढून जाते, हे पाहून आपणांस कौतुकही वाटले असेल. परंतु ही गाडी प्रथम अवतरली ती रुळांवर नव्हे. चेन्नईच्या पेरंबूर भागातील इंटिग्रल कोच फॅक्टरीत, अभियंत्यांच्या संगणकाच्या पडद्यावर तिचा जन्म झाला.

२ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते या कारखान्याचे उद्घाटन झाले, तेव्हा चेन्नईस मद्रास म्हणत. स्वित्झर्लंडमधील एका कंपनीच्या सहकार्याने तेथे पोलादी डबे तयार होऊ लागले. त्या काळी आरेखक उताराच्या फळ्यावर वाकून, टी-स्क्वेअर आणि शाईची लेखणी घेऊन नकाशे काढीत. रेघ चुकली तर पात्याने शाई खरवडावी लागे. आणि एक माप बदलले की त्याच भागाच्या दुसऱ्या चार नकाशांतही ते आठवणीने बदलावे लागे. एखाद्या नकाशात ते राहून गेले, तर चूक उघडकीस येई ती पोलाद कापून झाल्यावर.

संगणकाने काय दिले?

१९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत आयव्हन सदरलंड या तरुण संशोधकाने प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघा काढण्याची युक्ती सिद्ध केली. तिच्यातूनच संगणकाच्या साहाय्याने आराखडे करण्याची, म्हणजे 'कॅड'ची विद्या वाढीस लागली. १९९४ मध्ये प्रथम उडालेले बोइंग ७७७ हे विमान तर संपूर्णपणे संगणकावरच आखले गेले होते.

पेरंबूरच्या गाडीस या विद्येची विशेष गरज का, हे समजून घेण्यासारखे आहे. या गाडीस वेगळे इंजिन नाही. सोळांपैकी आठ डब्यांच्या चाकांना मोटारी आहेत, आणि प्रवाशांची जागा अडू नये म्हणून बहुतेक सर्व विद्युत यंत्रसामग्री डब्यांच्या पोटाखाली बसविली आहे. तेवढ्याच जागेत चाकांचे गाडे वळणावर फिरले पाहिजेत, हवेच्या नळ्या आणि केबली गेल्या पाहिजेत. कॅडमध्ये हे सारे भाग पोलाद कापण्यापूर्वीच एकत्र जुळवून पाहता येतात. एक भाग दुसऱ्यात घुसत असेल तर संगणक तेथेच खूण दाखवितो. एक माप बदलले की सर्व नकाशे आपोआप बदलतात. वजन किती, भार कोठे पडेल, याचेही गणित हाती येते. सुमारे अठरा महिन्यांत, ऑक्टोबर २०१८ मध्ये, 'ट्रेन १८' या नावाने पहिली गाडी कारखान्याबाहेर पडली, आणि १५ फेब्रुवारी २०१९ रोजी ती दिल्लीहून वाराणसीस निघाली.

मग वैताग कशाचा?

असे असूनही कोणत्याही अभियंत्यास विचारा. कॅडची स्तुती करता करता तो सुस्कारा टाकील. पहिला त्रास परावलंबनाचा. पडद्यावरील आकृती ही विणलेल्या वस्त्रासारखी असते. एका भोकाची जागा एखाद्या कडेवरून ठरविली आणि पुढे ती कडच काढून टाकली, की त्यावर अवलंबून असलेले सारे भाग कोलमडतात आणि दिवसभराचे काम तांबड्या खुणांनी भरून जाते. त्यात संगणकाचा दोष नसतो. पुढे काय बदलेल याचा विचार न करता पहिली गाठ मारलेली असते.

दुसरा त्रास भाषेचा. एका प्रणालीत काढलेली आकृती दुसरीस नीट वाचता येईलच असे नाही. एअरबस ए-३८० या प्रचंड विमानाच्या बाबतीत हॅम्बुर्ग येथील अभियंते कॅडची जुनी आवृत्ती वापरीत होते आणि तुलूझ येथील नवी. सुमारे ५३० किलोमीटर तारांच्या जुड्या विमानात बसवू लागले, तेव्हा कित्येक आखूड पडल्या. या आणि अशा अडचणींमुळे विमान सुमारे दोन वर्षे रखडले. मग चेन्नईच्या अंबत्तूर वसाहतीतील लहान कारखानदारास मोठ्या कंपनीकडून आलेली फाइल उघडत नाही, आणि नव्या आवृत्तीचे मूल्य परवडत नाही, तेव्हा त्याची काय अवस्था होत असेल, याची कल्पना आपणांस करता येईल.

तिसरा त्रास सर्वांत सूक्ष्म आहे. पडद्यावर पोलादास उष्णता लागत नाही. वर्कशॉपमध्ये जोडकाम करताना तोच पत्रा वाकतो. डब्याचा सांगाडा भाराखाली सरळ राहावा म्हणून मध्यभागी तो किंचित उंच ठेवतात. ही जाण जुन्या कारागिरांच्या अनुभवातून आलेली आहे. पडद्यावर बोल्ट सहज बसतो. परंतु पाना फिरविण्यास हात कोठून घालावयाचा, हा प्रश्न संगणक आपण होऊन विचारीत नाही. भाराचे गणितही असेच. चुकीचा आधार धरून प्रश्न घातला, तर चुकीचेच उत्तर तो सुंदर रंगांत दाखवितो. म्हणूनच पडद्यावर पूर्ण झालेल्या गाडीचीही डिसेंबर २०१८ मध्ये प्रत्यक्ष रुळांवर, ताशी १८० किलोमीटर वेगाने, परीक्षा घ्यावी लागली.

पडद्याबाहेरची म्हैस

६ ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबईहून गांधीनगरकडे जाणाऱ्या 'वंदे भारत'समोर अहमदाबादजवळ म्हशींचा कळप आला. गाडीच्या पुढील टोकाचे आच्छादन तुटले. पण ते बदलून गाडी लगेच पुन्हा धावू लागली, कारण ते बदलता यावे अशाच रीतीने केलेले होते. म्हैस आराखड्यात आपोआप येत नाही. ती प्रथम अभियंत्याच्या मनात यावी लागते, मगच तिचा विचार पडद्यावर उतरतो.

आपल्या घरातील मुलगा वा मुलगी आज कॅडच्या वर्गास जात असेल, तर तिला अवश्य उत्तेजन द्यावे. मात्र त्याबरोबर कागदावर हाताने आकृती काढण्याचा, कानस व व्हर्नियर हाताळण्याचा आणि जमेल तेव्हा कारखान्याच्या जमिनीवर उभे राहून जोडारीकडून चार गोष्टी ऐकण्याचा आग्रहही धरावा. संगणक सांगितलेली रेघ अचूक काढतो. कोणती रेघ काढावयाची, हे सांगण्याचे काम मात्र तिचेच राहणार आहे. आणि त्या रेघेवर विसंबून उद्या आपणच गाडीत बसणार आहोत.