निर्मलच्या रानातला शिधा

आपल्या जुन्या घरांच्या दिवाणखान्यांत निर्मलची लाकडी फळे असतातच. पोनिकीच्या हलक्या लाकडाचा तो रंगविलेला आंबा नवख्या पाहुण्याला हमखास फसवितो. पण त्याच निर्मलच्या रानात जे खरे अन्न झाडावरून गळते, त्याची ओळख आपल्यापैकी कितीजणांना असेल?

मोह म्हटला की आपल्याला दारू आठवते. माझीही समजूत तीच होती. गेल्या चैत्रात एका शिष्याने मला खानापूरच्या बाजूच्या गोंडवस्तीवर नेले, तेव्हा ती गेली. मोहाची फुले पहाटे गळतात. बायका झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून ठेवतात आणि उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन हजर होतात. उशीर झाला तर गुरे वाटेकरी होतात. ती रसाळ, पिवळट फुले उन्हात वाळली की मनुकांसारखी तपकिरी होतात व पुढे कित्येक महिने टिकतात. भाजून तिळांबरोबर कुटली की त्यांचे लाडू होतात. पावसाच्या तोंडाशी फळे पिकतात. त्यांच्या बियांचे तेल काढतात. कणगी रिकामी झाली की हेच झाड घर सावरते.

या घरात गाणाऱ्याचाही वाटा असतो. परधान हे गोंडांचे भाट. किकरी वाजवून ते देवांच्या व पूर्वजांच्या कथा गातात आणि यजमान त्यांना धान्य देतो. हायमेनडॉर्फ या अभ्यासकाने १९४० नंतरच्या वर्षांत आदिलाबादेत राहून हे नाते पाहिले व लिहून ठेवले. यातल्या पुष्कळ परधानांची बोली मराठी आहे, हे ऐकून वाचकांस नवल वाटेल.

मला मात्र दुसरेच आठवले. माझे वडील दरबारचे गवई. शिध्याचे ताट दारी येई त्या दिवसांविषयी ते सांगत. संस्थान विलीन झाले, शिधा थांबला. गोंडांचा दाता राजा नव्हे, रान आहे. त्या रानावरील हक्कासाठी कुमराम भीमू १९४० साली जोडेघाटला प्राणास मुकला. रानातली फुले, फळे वेचण्या-विकण्याचा हक्क कायद्याने मान्य होण्यास २००६ साल उजाडावे लागले. पण मोहच तुटला, तर हक्क कशावर सांगायचा?

निघताना एका आजीबाईंनी पानात चार लाडू बांधून दिले. घरी मोहाचे नाव ऐकताच नाके मुरडली. चव घेतल्यावर मात्र माझ्या वाट्याला अर्धाच उरला.