कॉम्प्युटर पत्ते कसे पिसतो?

पत्त्यांचा कॅट घ्या आणि मन लावून पिसा. हाती आलेला क्रम जगात बहुधा पहिल्यांदाच लागलाय! ५२ पानांचे क्रम होतात साधारण आठावर ६७ शून्यं इतके. विश्व जन्मल्यापासून कुणी सेकंदाला अब्ज क्रम लावत बसलं असतं, तरी यादीला हातसुद्धा लागला नसता.

ऑनलाइन पोकर शिकणाऱ्याला पहिली शंका येते ती इथेच. न दिसणारा पिसणारा प्रामाणिक आहे ना? शंका खुळी नाही. १९९९ साली अमेरिकेतल्या रिलायबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीजच्या मंडळींनी एका पोकर सॉफ्टवेअरची पिसायची रीत तपासली. लोकांचा विश्वास बसावा म्हणून ती उघड छापलेलीच होती. पिसायला सुरुवात व्हायची मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद उलटले त्या आकड्यावरून. दिवसात मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख, म्हणजे क्रमही फार तर तेवढेच. कुठे ती ६७ शून्यं! या पठ्ठ्यांनी आपलं घड्याळ सर्व्हरशी जुळवलं, शक्यता दोनेक लाखांवर आणल्या. मग स्वतःची दोन पानं आणि टेबलावरची पहिली तीन कळली, की सगळ्यांची पानं पडद्यावर हजर. पुढे येणारीसुद्धा.

आता पिसण्यासाठी अंदाज न बांधता येणारे आकडे प्रकाशकणांच्या वागण्यातूनही घेतात, तेव्हा पुढचं पान ओळखायचा नाद सोडा. शक्यता मात्र मोजता येते. टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात तुमच्या हातात दोन बदाम, टेबलावरच्या तिनात आणखी दोन. पाच जमले की हात भारी. उरले नऊ. न दिसलेली पानं ४७. पुढचं पान बदाम निघायची शक्यता १९ टक्के. तोंडी हिशेब आणखी सोपा: नऊ दुणे अठरा!

मधे ८० चिप्स आहेत, समोरच्याने २० लावल्या. तुम्ही २० टाकून १२०च्या ढिगावर हक्क सांगता, म्हणजे १७ टक्के पुरतात. खेळा. त्याने ८० लावल्या, तर ३३ टक्के लागतील. पानं टाकून द्या, कितीही जिवावर आलं तरी.

भारतात २०२५च्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदी आली, त्यामुळे शिकायचं ते फुकटच्या चिप्सवर. त्यात एक गोची आहे. फुकटात कुणी पानं टाकतच नाही, त्यामुळे गणित पक्कं होतं, पण थाप मारायला शिकता येत नाही.