संकेतस्थळांचे परीक्षण : आम्ही काय पाहतो?

विद्यार्थ्यांनी गटाने शैक्षणिक संकेतस्थळे रचावीत, या हेतूने अमेरिकेत १९९६ मध्ये ‘थिंकक्वेस्ट’ स्पर्धा सुरू झाली. पुढे ऑरॅकलच्या शिक्षण प्रतिष्ठानने ती चालविली. २०१३ मध्ये हा उपक्रम बंद पडला व तेथील संकेतस्थळांचा संग्रहही मिटला. मग विद्यार्थ्यांच्या पदरी काय उरले? आमच्या मते, शोध घेण्याची सवय. परीक्षणही तिचेच व्हावे.

समजा, बावधनच्या एका संघाने रामनदीवर संकेतस्थळ रचले. खाटपेवाडीत उगम पावून ही नदी बावधन, पाषाणमार्गे औंधजवळ मुळेला मिळते, एवढे कोठूनही उतरवून घेता येते. परंतु एकाच काठावरून पावसाळ्यात व उन्हाळ्यात पाहिलेले पाणी विद्यार्थ्यांनी तारखेसह नोंदविले असेल, तर मांडणी साधी असली तरी आम्ही त्यास अधिक गुण देतो. माहितीचा व चित्रांचा आधार नमूद आहे काय, हेही तपासतो. नकाशा काढणाऱ्यास मजकुराविषयी आणि मजकूर लिहिणाऱ्यास नकाशाविषयी विचारतो. एकट्यानेच सारे केले असल्यास ते तेथे उघड होते.

पारितोषिक न मिळालेल्या संघासही त्याच्या उणिवा व त्या दूर करण्याचे उपाय लेखी कळवावेत, असा आमचा आग्रह आहे. त्यावाचून परीक्षण अपुरेच राहते.