ट्रॉली मालासाठी, माणसांसाठी नव्हे

४ एप्रिल २०२५, शुक्रवारची सकाळ. हिंगोली जिल्ह्यातील गुंज गावच्या महिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून शेतकामाला निघाल्या होत्या. नांदेड तालुक्यातील आलेगाव शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसकट पाण्याने भरलेल्या विहिरीत कोसळला. सात महिला मरण पावल्या. आपण सारे हळहळलो. पण ट्रॉलीत माणसे बसवण्याची सवय काही सुटली नाही.

नांदेड-लातूरकडे ज्या ट्रॉलीतून ऊस आणि सोयाबीन जाते, तिच्यातूनच मजूर, वऱ्हाड आणि उरुसाला निघालेली कुटुंबेही जातात. ट्रॉलीत ना बसायला जागा, ना धरायला दांडा. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकही नसतात. ट्रॅक्टरने ब्रेक दाबला की भरलेली ट्रॉली त्याला मागून रेटते आणि वळणावर किंवा उतारावर तोल जातो. शेतमालाच्या ट्रॉलीतून माणसे नेण्यास कायद्याची परवानगी नाही.

मग लोक बसतात का? कारण अनेक गावांत वेळेवर एसटी नाही आणि जीपचे भाडे रोजंदारीतून परवडत नाही. म्हणून दोष मजूर बाईला देऊन चालणार नाही. हाताखाली काम करणाऱ्यांवर त्यांना झेपणार नाही असे ओझे टाकू नका, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. जिवाचा धोका हे तर सर्वांत जड ओझे. शेतमालक आणि मुकादमाने मजुरी ठरवतानाच ऑटो-जीपचे भाडेही ठरवावे. लग्नघराने जेवणातला एखादा पदार्थ कमी करावा, पण वऱ्हाडासाठी गाडी करावी.

दुसरा धोका रात्रीचा. गळीत हंगामात लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड या महामार्गावर उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात. मागे लाल दिवा नसेल तर अंधारात ट्रॉली दिसतच नाही आणि दुचाकीस्वार मागून धडकतो. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक गेले; त्यांतले सुमारे ६८ टक्के ग्रामीण भागात. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण होते. चमकणारी लाल पट्टी थोड्या पैशांत मिळते. ट्रॉलीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना ती लावली, तर दुचाकीच्या उजेडात ट्रॉली लांबूनच दिसते.

आणखी एक गोष्ट. गाडी बंद पडली की आपण चाकामागे दगड लावतो, दुरुस्तीनंतर ते तसेच रस्त्यात सोडून निघून जातो. वाटेवरची त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तो दगड उचलणे म्हणजे नेमके तेच.

अपघात दिसला तर थांबा, १०८ वर फोन करा. मदत करणाऱ्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. २०१९ च्या कायदादुरुस्तीने त्याला संरक्षण दिले आहे. मे २०२५ पासून जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार पैसे न भरता मिळण्याची योजनाही आहे.

आमची विनंती साधी आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी एका जुम्याला इमाम साहेबांनी हा विषय घ्यावा आणि नमाजनंतर तरुणांनी गावातल्या प्रत्येक ट्रॉलीला पट्टी लावावी, ट्रॉली कोणाचीही असो. आणि घरातल्या बायकांनी एवढेच ठरवावे, की आपले लेकरू ट्रॉलीत बसणार नाही आणि आपल्या शेतावर येणारी मजूर बाईही नाही.